खोल शिवलेली टोपी

“मान खाली घाल. अजून. हं, आता हलू नको.”

आबांनी टेप माझ्या कपाळावरून मागे नेला, कानांच्या वरून फिरवला आणि थांबले. गिऱ्हाइकाचं माप घेताना ते आकडा मोठ्याने म्हणायचे आणि मी तो खडूने कापडावर लिहायचो. त्या दिवशी आकडा त्यांनी मनातच ठेवला.

“कानापर्यंत येऊ द्या,” मी म्हणालो.

“कानापर्यंत आली तर टाळकरी दिसशील का माकडवाला?”

“दिसू द्या.”

आबा एरवी माझ्या अशा बोलण्यावर हसले असते. टेप गळ्यात टाकून ते माझ्या डोक्याकडे जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बरं. बोटभर खोल शिवतो. नाचलास तरी हलायची नाही.”

मी पंधरा वर्षांचा होतो. आदल्या दिवाळीत सोपान न्हाव्याने माझे केस कापता कापता वस्तरा थांबवला होता. “मुरल्या, कानामागं चाई पडली रं तुला,” तो म्हणाला. आठ आण्याच्या नाण्याएवढा गोल, गुळगुळीत डाग. चाई कुणाला होत नाही! येते आणि जाते. आईने कांदा चोळला, मग लसूण चोळला, मग कुणी सांगितलं म्हणून गुंजा उगाळून लावल्या. कातडं भाजलं, पाणी सुटलं, आणि त्या डागाशेजारी दुसरा उठला. तालुक्याच्या डॉक्टरांनी पांढरं मलम दिलं.

“पण हे झालं कशानं?” आईने विचारलं.

“कशानं होतं ते सांगता येत नाही बाई. येतील केस. नाही तर नाही येणार.”

ते ‘कशानं’ आईच्या मनातून गेलं नाही. आत्या म्हणाली, कुणाची तरी नजर आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोराने नागाच्या वारुळावर पाय दिला असेल. आईने शुक्रवार धरले, शनिवार धरले. रोज सकाळी मी उठायच्या आत ती माझी उशी मागल्या दारी नेऊन झटकून आणायची. एकदा मला लवकर जाग आली तेव्हा ती अंगणात उभी होती, उशी पोटाशी धरून, आणि एक एक केस चिमटीने उचलून पदरात ठेवत होती. मी डोळे मिटून पडून राहिलो.

संक्रांतीपर्यंत उशीवर पडायला काही उरलं नाही. भुवया तेवढ्या शाबूत राहिल्या. डोकं मात्र तुळतुळीत झालं.

शाळेत हेडमास्तरांनी वर्गात टोपी घालायची मुभा दिली. पण मधल्या सुट्टीत ती टोपी माझ्या डोक्यावर कमी आणि दुसऱ्यांच्या हातात जास्त असायची. पाटलांच्या बबनने मला नाव ठेवलं, ‘शाळिग्राम’. एके दिवशी त्याने शाळेच्या वृंदावनातली तुळशीची पानं खुडून आणली. दोघांनी मला धरलं. बबनने एक पान माझ्या डोक्यावर ठेवलं, वरून पळीने ओतावं तसं तांब्यातलं पाणी सोडलं आणि हात जोडून म्हणाला, “देवा शाळिग्रामा, गणितात पास कर!” पोरी हसल्या. होळीनंतर मी शाळेत गेलो नाही. आबांनी मला दुकानात काजं-बटणांना बसवलं आणि शाळेचा विषय काढला नाही.

मला एकच जागा उरली होती. कीर्तन.

माझे वडील, आबा, गावात मृदंग वाजवायचे. त्यांचं खरं नाव रंगनाथ, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं कुणी नव्हतं. लहानथोर सगळ्यांचे ते आबाच. मी सहा वर्षांचा असल्यापासून एकादशीच्या कीर्तनाला त्यांच्या मांडीजवळ बसलो, मग टाळकऱ्यांत उभा राहायला लागलो. ज्याने कधी टाळ धरला नाही त्याला हे सांगून कळणार नाही. बुवा एक ओळ घेतात, ती आपल्या गळ्यात येते, मागच्याच्या गळ्यात जाते, वीस माणसांची होते, आणि खाली मृदंग तिला पायरी धरून देतो. तेवढा वेळ आपण कुणी एक नसतो. आणि टाळकऱ्यांच्या रांगेत प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी असते. तिथे डोकं झाकलेलं असणं हीच रीत. वीस पांढऱ्या टोप्यांत एकविसावी माझी. तिथे मला कुणी पाहत नव्हतं.

चैत्रात गावचा सप्ताह आला. सात दिवस अखंड नाम, आणि त्या सात दिवसांत वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहाऱ्यापहाऱ्याने. रोज संध्याकाळी कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं. पंचक्रोशीतून माणूस लोटायचा. पोरंच पोरं यायची, शाळेतली सगळी. देवाकडे केस मागायचं मी तोवर सोडून दिलं होतं. सप्ताह बसला त्या दिवशी मी एवढंच मागितलं की सात दिवस टोपी डोक्यावरून हलू नये.

टोपी हलली नाही. आबांनी तिला आतून पट्टी लावली होती.

काल्याच्या कीर्तनाला त्या साली दामोदरबुवा तळणीकर आले. आदल्या संध्याकाळच्या एसटीने आले आणि देवळाच्या ओवरीत उतरले. उंच, काळेसावळे, खांद्याला पडशी. त्यांचं कीर्तन मी एकदा शेजारच्या गावी ऐकलं होतं. बोलता बोलता त्यांचा गळा दाटायचा आणि त्याच दाटल्या गळ्याने ते चाल उचलायचे, ती फाटायची नाही. त्या आवाजापायी माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. त्यांच्या मागे टाळ धरायचा म्हणजे माझ्यासाठी दिवाळी.

माझा पहारा पहाटेचा, खंडूतात्यांच्या बरोबर. वीणा घ्यायच्या आधी आंघोळ करावी लागते. मी देवळामागच्या आडावर गेलो. उजाडायला लागलं होतं. आसपास कुणी नाही असं पाहून टोपी काढून दगडावर ठेवली, पोहऱ्याने पाणी काढलं आणि मान वर केली तर ओवरीच्या पायरीवर बुवा उभे. हातात कडुनिंबाची काडी.

मी तसाच उभा राहिलो. माझं डोकं पहिल्यांदा पाहणारा माणूस काय करतो हे मला पाठ झालं होतं. आधी डोळे बारीक करतो, मग विचारतो, मग औषध सांगतो.

बुवांनी काहीच विचारलं नाही. काडी टाकून ते खाली आले, पोहरा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, “बस.”

मी दगडावर बसलो. बुवांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. दुसरा पोहरा काढला, तोही ओतला, आणि तळहाताने माझं डोकं पुढून मागे, मागून पुढे चोळलं, लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं. गेल्या सहा महिन्यांत त्या कातड्याला औषधाशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मी पाणी तोंडावर घेत राहिलो, म्हणजे बाकीचं पाणी दिसू नये.

“नाव काय?”

“मुरलीधर.”

“कुणाचा?”

“रंगनाथ शिंप्याचा.”

“हं.” त्यांनी आपल्या उपरण्याने माझं डोकं पुसलं. “नाव राखशील त्यांचं. आई आहे?”

“आहे.”

“जप तिला. तिला आता तूच.” मग उपरणं पिळत, “वीणा घेणार आहेस?”

“हो. माझा पहारा आहे.”

“घे घे. देवाला असाच पहारेकरी पाहिजे.”

मोठी माणसं असंच बोलतात, मला वाटलं. पहाऱ्यावर वीणा गळ्यात घालून मी उभा होतो तेव्हा दोन तास जमीन पायाखाली नव्हती.

पहारा उतरल्यावर घरी पळत गेलो. आबा ओट्यावर देवळाचा मृदंग घेऊन बसले होते, डाव्या अंगाला कणीक लावत होते.

“आबा, बुवांनी माझ्या डोक्यावर पाणी घातलं. स्वतःच्या हातानं.”

“टोपी कुठं होती?”

“काढली होती. त्यांनी पाहिलं सगळं. पण विचारलं नाही काही. एक अक्षर नाही.”

कणीक लावणारी आबांची बोटं थांबली. “काहीच नाही विचारलं?”

“काहीच नाही.”

“मग तो माणूस खरा,” आबा म्हणाले. त्यांनी मृदंगावर हलकी थाप मारून पाहिली. “आज वाजवतो बघ कसा.”

चुलीपुढून आईने देवळाच्या दिशेला हात जोडले. “त्यांचा हात लागला ना,” ती म्हणाली, “आता येतील.” त्या दिवाळीपासून आमच्या घरात एवढी आनंदाची सकाळ झाली नव्हती. आईने कपाळावर ठसठशीत कुंकू रेखलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि बायकांत पुढे जागा धरायला लवकर गेली.

मांडव गच्च भरला होता. खांबाखांबाला माणूस टेकलेला. बबन आणि शाळेतली पोरं दहीहंडीखाली घुसून बसली होती. मी टाळकऱ्यांच्या पहिल्या रांगेत, बुवांच्या उजव्या हाताला. डाव्या हाताला आबा बसले, मृदंग मांडीवर. बुवा दोन तास बोलले. गोकुळ उभं केलं त्यांनी. पोरं कळपामागे निघाली, झाडाखाली बसली, शिदोऱ्या सुटल्या.

“माउली, कुणाची शिदोरी कुणाची राहिली नाही! ताक एकाचं, भात दुसऱ्याचा, लोणच्याची फोड तिसऱ्याची. आणि देव काय करतो? देव पेंद्याच्या तोंडातला घास काढून खातो! आपण घरात सख्ख्या भावाचं पाणी उष्टं म्हणतो. काल्यात उष्टं नसतं, माउली. काल्यात हा माझा, तो दुसरा, हे नसतं. जो घास हातातून थेट तोंडात जात नाही, तो कालाच नव्हे!”

आणि त्यांनी चाल उचलली. आबांचा मृदंग असा उठला की मागचे म्हातारे टाळकरीसुद्धा उड्या मारायला लागले. मीही नाचलो. टोपी हलली नाही. नाचता नाचता मी आबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. हे सुख मी कुणाला मोजून दाखवू?

हंडी फुटली. दही, लाह्या, पोहे, लोणचं परातीत कालवलं. आमच्याकडे पहिला घास बुवांनी टाळकऱ्यांतल्या एखाद्या पोराला भरवायचा अशी रीत आहे. बुवांनी मूठ भरून काला घेतला आणि मागे वळून पाहिलं.

“पहाटे वीणेवर होता तो मुलगा कुठंय?”

मला कुणीतरी पुढे ढकललं. बुवांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि मला माणसांकडे तोंड करून उभं केलं. मग तो हात टोपीकडे आला.

“राहू द्या, बुवा,” मी हळूच म्हणालो.

“लाजू नको, बाळा. हे डोकं लाजायचं नाही.”

आणि त्यांनी टोपी काढली. हळुवारपणे काढली, आतली पट्टी अडकली तर बोट घालून सोडवली, टोपी खाली सोडून तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. मांडवभर नजरा माझ्या डोक्यावर आल्या. खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस आता सगळ्या गावाला सांगणार. काय सांगणार ते मला माहीत नव्हतं, पण ते ऐकल्यावर बबन पुन्हा कधी तुळस तोडणार नाही, असं काहीतरी.

“माउली, बघा या लेकराकडे.” बुवांचा गळा दाटून आला. “अजून मिशी फुटली नाही. आणि बाप गेला. डोक्यावरचे केस बापाला देऊन पोरगं मोकळं झालं, सुतक फिटतंय तोच आडाच्या पाण्यानं आंघोळ करून देवाची वीणा गळ्यात घालून उभं राहिलं. मी पहाटे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बापाला केस दिले, देवाला गळा दिला. आपण काय दिलं, माउली?”



पहिल्यांदा बायका वळल्या. सगळ्यांनी माना वळवून माझ्या आईकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे. आईचा हात गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेला आणि तिथेच घट्ट झाला.

मग दहीहंडीखालून बबनचा हसू दाबल्याचा आवाज आला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अवो बुवा, शिंपी जित्ता हाय! तुमच्या डाव्या अंगाला बसलाय की!”

मांडव फुटला. म्हातारे हसले, बायका पदरात हसल्या, माझ्या शेजारचे टाळकरी टाळ पोटाशी धरून हसले. बुवांनी डावीकडे पाहिलं. आबांनी मृदंगावरचे हात उचलून जोडले. तेही हसत होते.

“मी आहे, बुवा,” आबा म्हणाले. “मेल्याची हूल उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. आज तुमच्या तोंडून वाढलं.”

“वाढलं, वाढलं!” खंडूतात्या म्हणाले. पुन्हा हशा. बुवाही मान हलवत हसले. तिथे संपलं असतं तर ती आमच्या गावची एक गोष्ट झाली असती, लग्नाकार्यात सांगायची.

पण बुवांचा डावा हात अजून माझ्या डोक्यावर होता. त्यांनी खाली पाहिलं.

“मग हे असं?” त्यांनी विचारलं.

आबा काही बोलणार तेवढ्यात खंडूतात्यांनी उत्तर दिलं. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. “त्यो रोग हाय, बुवा. आपोआप गेलं केस. कशानं त्ये डागदरलाबी कळंना.”

“शाळिग्राम!” पोरांतून कुणीतरी हळूच म्हणालं.

डोक्यावरचा हात उचलला गेला. झटक्याने नाही. ओल्या रंगावर चुकून टेकलेलं बोट उचलावं तसा, माणसाच्या लक्षातही येऊ नये असा. बुवांच्या उजव्या मुठीत काला होता. तो माझ्या तोंडापर्यंत यायचा होता. अर्ध्या वाटेवर थांबला.

“ओंजळ कर, बाळा,” बुवा म्हणाले.

मी ओंजळ केली. बुवांनी हात उंच धरला आणि काला वरून सोडला. दोन लाह्या बाहेर पडल्या.

आणि लगेच त्यांनी दोन्ही हात वर करून नाम उचललं, “विठ्ठल विठ्ठल!” टाळ वाजले. वीस गळे उठले. खाली पायरी आली नाही.

बुवांनी डावीकडे पाहिलं. टाळकऱ्यांनी पाहिलं. आबांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मृदंग्याने नाम चालू असताना हात काढायचा नसतो. ताप असो, घरात कुणी आजारी असो, बुवा थांबेपर्यंत ठेका सोडायचा नाही. माझी आजी गेली तो निरोप कीर्तनातच आला होता, तेव्हासुद्धा आबांनी आरतीपर्यंत वाजवलं होतं.

आबा उठले. मृदंग त्यांनी जाजमावर ठेवला, त्यावर कपाळ टेकलं. मग माझ्याकडे आले, बुवांच्या पायापाशी पडलेली टोपी उचलली, माझ्या डोक्यावर घातली, कानापर्यंत ओढली.

“चल.”

माणसं वाट देत गेली. आमच्या मागे टाळ कसेबसे चालू राहिले, एकेक करत बेताल होत गेले.

ओंजळ मी तशीच धरून चाललो होतो. टाकता येत नव्हती, खाता येत नव्हती. वेशीपाशी आबांनी ती पाहिली. माझ्या ओंजळीतून चिमूटभर काला घेऊन त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला, उरलेला पिंपळाखाली मुंग्यांना ठेवायला लावला.

“बुवांना माहीत नव्हतं, आबा,” मी म्हणालो. मला बुवांना वाचवायचं होतं. का ते आजही कळत नाही.

“नव्हतंच.” आबा चालत राहिले. “मी मेलो असतो, तर तुला घास तोंडात मिळाला असता. एवढंच.”

तेव्हा मला पहाटेचं पाणी कळलं. चोळलेलं डोकं, पुसलेलं उपरणं, ‘तिला आता तूच’. ते सगळं एका पोरक्या मुलासाठी होतं. तो मुलगा मी नव्हतो. माझं डोकं पाहून ज्याने विचारलं नाही असा एक माणूस मला भेटला, असं मी चार-सहा तास समजत होतो, त्यालाही विचारायची गरजच वाटली नव्हती.

दुपारी बुवा घरी आले. एसटीला वेळ होता. आईने चहा दिला. बुवांनी बशीत ओतून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. हे मी मुद्दाम लिहितो. ते वाईट नव्हते. पुढेही त्यांची कीर्तनं मी ऐकली, आणि दर वेळी त्यांचा गळा दाटला की माझाही दाटला.

“शिंपीबुवा, चुकलो मी. डोकं पाहिलं आणि मनानंच ठरवलं.”

“त्याचं काही नाही, बुवा,” आबा म्हणाले. “अशी चूक कुणाच्याही हातून होईल.”

“मग?”

आबांनी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बुवांनीही खाली, आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणाले, “हात मला विचारून वर गेला नाही हो.”

“ते दिसलं मला,” आबा म्हणाले.

बुवा उठले. पडशी खांद्याला घेतली. माझ्यापाशी येऊन थांबले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वाट पाहत होतो. टोपी काढतील, क्षणभर का होईना काढतील. त्यांनी हात टोपीवरच ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि गेले.

गावाला बुवांच्या घासाचं काही वाटलं नव्हतं. किती जणांनी तो पाहिला असेल, देव जाणे. गावाला आठवत राहिलं ते एवढंच, की आबांनी देवाच्या काल्यात ठेका सोडला. आठ दिवसांनी पंच मंडळी घरी आली. पाटील म्हणाले, “आबा, मारुतीपुढं नारळ ठिवा, गावाची माफी मागा, संपवा.”

“नारळ ठेवतो. देवाची माफी मागतो,” आबा म्हणाले. “गावाची कशाबद्दल?”

“आन काय आवो! ठेका सोडला का न्हाई?”

“सोडला.”

“मग?”

“मग काही नाही.”

त्यानंतर एकादशीला कुणी बोलवायला आलं नाही. आणि बोलावलं असतं तरी आईने जाऊ दिलं नसतं. भर सप्ताहात, देवासमोर, साधूच्या तोंडून नवऱ्याचं मरण निघालं, ते तिच्या काळजात बसलं होतं. “त्या जागेवर आता बसायचं न्हाई,” ती म्हणायची. मृदंग देवळाचा होता. तो देवळातच राहिला. आबा मशीन चालवत राहिले. डोकं माझं होतं आणि कीर्तन गेलं त्यांचं.

पुढच्या चैत्रात पुन्हा सप्ताह आला. केस आले नव्हते. भुवयाही गेल्या होत्या. टाळाचे आवाज दुकानात यायला लागले तेव्हा मी बटणाला टाके घालत खाली मान घालून बसलो होतो.

“जात का नाहीस?” आबांनी विचारलं.

“नको.”

“टाळ तुझा आहे. जा.”

मी गेलो. भ्याड म्हणा, लोभी म्हणा, कीर्तनाशिवाय मला राहवलं नाही. शेवटच्या रांगेत, खांबाआड उभा राहिलो. मृदंगावर जवळच्या वाडीचा एक तरुण पोरगा होता. पहिले दोन दिवस तो चुकावा म्हणून मी कान लावून होतो. तो चुकला नाही. हात मऊ होता त्याचा, आणि द्रुत लयीत तर तो आबांपेक्षाही...

काल्याच्या दिवशी दुपारी द्रोण घेऊन घरी आलो. आबा ओट्यावर बसले होते. मी द्रोण त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी लाह्या चाळवल्या.

“कोण आहे मृदंगावर?”

“वाडीचा पोरगा आहे एक.”

“कसा वाजवतो?”

मी पायातल्या वहाणा काढायला वाकलो. “चुकतो,” म्हणालो. “लय चुकतो, आबा. तुमच्यासारखं नाही जमत त्याला. सगळे म्हणत होते.”

आबांनी चिमूटभर काला तोंडात टाकला. सावकाश चावला. उरलेला द्रोण माझ्याकडे सरकवला.

“मला इथवर ऐकू येतं रे,” ते म्हणाले. “चांगला वाजवतो.”